जिवंत इतिहासाचं गाव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनपासून तासाभराच्या अंतरावर 'ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज' आहे. 1830 च्या दशकातलं न्यू इंग्लंडचं खेडं तिथे उभं केलं आहे. लोहार भाता चालवतो, बैलजोडी कामाला जुंपलेली असते, भिंतीतल्या मोठ्या चुलीवर रांधलं जातं. मुलांकडे बॉस्टनला गेलेल्या मराठी आईवडिलांनी एक दिवस काढून जरूर पाहावं. मात्र काही समजुती घरीच ठेवून जावं.

गैरसमज: हे जुनं गाव जसंच्या तसं जपलं आहे.
वस्तुस्थिती: असं गाव इथे कधी वसलंच नव्हतं. हे संग्रहालय 1946 मध्ये खुलं झालं. चाळीसहून अधिक इमारतींपैकी अनेक दुसरीकडून हलवून आणल्या आहेत. दुकान व्हरमाँटमधल्या डमरस्टनचं, लोकर पिंजण्याची गिरणी मेन राज्यातली. पाण्यावर चालणारी लाकूड-गिरणी मात्र 1984 मध्ये नव्याने बांधलेली. इमारती हलवून असं खुलं संग्रहालय रचण्याची वाट आर्तुर हाझेलियस यांनी 1891 मध्ये स्टॉकहोमच्या 'स्कान्सेन'मध्ये घालून दिली. घर अस्सल असलं, तरी त्याचा शेजार अभ्यासकांनी ठरवलेला असतो.

गैरसमज: जुन्या वेषातली माणसं नाटक करतात.
वस्तुस्थिती: स्टरब्रिजमध्ये ती आजची माणसं म्हणूनच बोलतात आणि काम खरोखर करून दाखवतात. याच राज्यातल्या 'प्लिमथ पटक्सेट' या संग्रहालयात इंग्रज वसाहतीतली माणसं 1627 सालात असल्यासारखी बोलतात. तिथल्या वांपानोआग वस्तीत मात्र मूलनिवासी कर्मचारी पात्र न होता, आजच्या काळातून आपल्या समाजाबद्दल सांगतात.

गैरसमज: तेव्हाचं खेडं स्वयंपूर्ण होतं.
वस्तुस्थिती: गावातल्या दुकानातच याचं उत्तर आहे. चहा आणि साखर परदेशातून येई. शेतकरी लोणी, चीज देऊन माल नेत आणि उधारी वहीत मांडली जाई. गिरण्यांचं स्वस्त कापड आल्यावर घरचं सूत मागे पडलं. त्या कापडाचा कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्या कष्टांतून पिकत होता, हे विसरून त्या काळाला साधासुधा म्हणता येणार नाही. त्याच दशकात, 1833 मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवरचा बर्फ बॉस्टनहून जहाजाने कोलकात्याला पोचला. पुढे तो मुंबईतही येऊ लागला.

गैरसमज: दारं बुटकी, म्हणजे माणसंही बुटकी, आणि चाळिशीत म्हातारी.
वस्तुस्थिती: कडाक्याच्या थंडीत ठेंगणं छत आणि लहान दार ऊब राखायला मदत करतात. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या, म्हणजे याआधीच्या पिढ्यांमधल्या सैनिकांची सरासरी उंचीसुद्धा सुमारे पाच फूट आठ इंच होती. सरासरी आयुर्मान कमी भरतं, ते मुख्यतः बालमृत्यूंमुळे. लहानपण निभावलेले अनेकजण साठी-सत्तरी गाठत. लेकरं गमावल्याचं ते दुःख कुठल्याही प्रात्यक्षिकात दाखवता येत नाही.

म्हणून तिथे गेल्यावर फोटो काढाच, पण काम करणाऱ्याला एक प्रश्नही विचारा: "हे तुम्हाला कशावरून कळलं?" उत्तरात दुकानाच्या वह्या, रोजनिशा, मृत्यूनंतर केलेल्या घरातल्या वस्तूंच्या याद्या निघतील. कुठे पुरावा भक्कम आहे आणि कुठे अंदाज बांधला आहे, तेही कळेल. इतिहास कसा उभा राहतो, हे शिकण्यासाठी याहून चांगली शाळा क्वचितच मिळेल.