नारायणराव पेशव्यांची हत्या आणि आजचा शनिवारवाडा : स्थळदर्शन व इतिहासाचे आकलन

प्रस्तावना

पुण्यातील शनिवारवाड्यात 30 ऑगस्ट 1773 रोजी, सोमवारी दुपारी नारायणराव पेशव्यांची हत्या झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे 18 वर्षांचे होते. मराठी समाजमनात या घटनेइतकी खोल रुजलेली हत्या क्वचितच आढळेल. ‘काका, मला वाचवा’ ही आर्त हाक आणि ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार शालेय वयापासून प्रत्येकाच्या परिचयाचा असतो. परंतु आज वाड्यास भेट देणाऱ्या अभ्यासकास तेथे नेमके काय दिसते आणि जे दिसते त्यावरून काय सिद्ध होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

घटनेची पार्श्वभूमी

थोरले माधवराव पेशवे यांचे 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर येथे निधन झाले आणि पेशवेपद धाकटे बंधू नारायणराव यांच्याकडे आले. चुलते रघुनाथराव हे पेशवेपदाचे जुने इच्छुक होते. ते वाड्यातच नजरकैदेत होते. वाड्याच्या पहाऱ्यावरील गारद्यांचा पगार थकला होता. हा असंतोष आणि भाऊबंदकी यांच्या संयोगातून कट आकारास आला. सुमेरसिंग, खरगसिंग व महंमद इसाफ हे गारद्यांचे प्रमुख आणि रघुनाथरावांचा सेवक तुळाजी पवार ही त्यातील प्रमुख नावे होत. कटाची कुणकुण त्या दिवशी सकाळीच पेशव्यांना लागली होती व बंदोबस्ताचे काम हरिपंत फडके यांच्यावर सोपविले होते. परंतु त्यात विलंब झाला, असे इतिहासकारांनी नोंदविले आहे. गारदी वाड्यात घुसल्यावर नारायणरावांनी चुलत्यांकडे धाव घेऊन त्यांना मिठी मारली. त्यांना वाचविण्यासाठी आडवा पडलेला चापाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला.

आज काय दिसते?

पहिल्या बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 रोजी वाड्याची पायाभरणी केली. 1828 मधील आगीत आतील लाकडी इमारती भस्मसात झाल्या. त्यामुळे ज्या दालनात हत्या झाली ते दालन आज अस्तित्वात नाही. तट, बुरूज, पाच दरवाजे, दिल्ली दरवाजावरील नगारखाना, कारंज्यांचे अवशेष आणि इमारतींची दगडी जोती एवढेच शिल्लक आहे. हे स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे.

घटनेशी थेट नाते सांगणारी वास्तू म्हणजे दक्षिणेकडील नारायण दरवाजा होय. त्याचे पूर्वीचे नाव जांभूळ दरवाजा. नारायणरावांचा देह याच दरवाजाने अंत्यसंस्कारासाठी बाहेर नेला गेला आणि त्यावरून हे नाव पडले, अशी परंपरा आहे. पर्यटकांची गर्दी मात्र भव्य दिल्ली दरवाजापाशी असते. नारायण दरवाजाकडे फारसे कोणी वळत नाही. जेथे स्मृती नावाच्या रूपाने टिकून आहे तेथे शांतता, आणि वाड्याच्या ख्यातीत मात्र पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणाऱ्या हाकेच्या कथेला अग्रस्थान, अशी ही विसंगती आहे.

आख्यायिका आणि पुरावा

रघुनाथरावांनी ‘धरावे’ असा हुकूम लिहिला व आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले, ही कथा सर्वज्ञात आहे. ग्रँट डफने 1826 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात आनंदीबाईंवरील हा आरोप लोकसमजूत म्हणून नमूद केला आहे. लोकसमजूत आणि सिद्ध पुरावा यांत भेद आहे. अक्षर बदलल्याचे मान्य केले तरी ते कोणाच्या हातून बदलले, हा प्रश्न उरतोच. तरीही सर्व दोष एका स्त्रीच्या माथी मारला गेला. धरण्याचा हुकूम देणारा पुरुष मात्र लोकस्मृतीत तुलनेने सौम्य ठरला. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ (1909) या नाटकाने आणि ‘रामशास्त्री’ (1944) या प्रभातच्या चित्रपटाने हे प्रसंग घरोघरी पोहोचविले. त्यांचे कलामूल्य निर्विवाद आहे. परंतु रंगभूमीवरील प्रसंग हा दस्तऐवज नव्हे.

वाड्याबाहेरील स्थळे

या प्रकरणाचा शोध वाड्याच्या तटात संपत नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून सत्तारूढ रघुनाथरावांना दोषी ठरविले व पुणे सोडले. त्यांचे गाव साताऱ्याजवळील क्षेत्र माहुली. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना बारभाईंनी पुरंदरवर सुरक्षित ठेवले. तेथे 18 एप्रिल 1774 रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. रघुनाथरावांनी इंग्रजांशी केलेल्या 1775 च्या सुरतेच्या तहातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध उद्भवले. ते 1782 च्या सालबाईच्या तहाने संपले. रघुनाथरावांचा अखेरचा काळ गोदाकाठच्या कोपरगाव येथे गेला. पुणे, माहुली, पुरंदर आणि कोपरगाव ही स्थळे एकत्र पाहिली तरच एका दुपारच्या रक्तपाताचे राजकीय मूल्य लक्षात येते.

निष्कर्ष

शनिवारवाडा हा घटनेचा साक्षीदार आहे. परंतु तो अर्धमूक साक्षीदार आहे. जोती पाहून हत्येचा मार्ग ठामपणे सांगता येत नाही, आणि हाकेची कथा ऐकून अपराधी ठरविता येत नाही. महाविद्यालयीन सहलींमध्ये विद्यार्थ्यांना वाडा दाखविताना अवशेष, समकालीन कागद, नंतरचे इतिहासग्रंथ व लोककथा या चार साधनांतील फरक जागेवरच समजावून देणे शक्य आहे. त्यासाठी नारायण दरवाजासारखी योग्य जागा नाही. आपल्याच वाड्यात, आपल्याच पहारेकऱ्यांकडून मारल्या गेलेल्या अठरा वर्षांच्या तरुणाचे आणि त्याच्यासाठी प्राण देणाऱ्या सेवकाचे स्मरण भुताच्या गोष्टीपुरते उरावे, हे इतिहासाच्या अध्यापनास शोभणारे नाही. रामशास्त्र्यांनी सत्तेपुढे जो प्रश्न निर्भयपणे विचारला, तोच प्रश्न पुराव्यांनाही विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर अशी स्थळभेट सार्थकी लागली असे म्हणता येईल.