टर्बोनंतरची नळी

गाड्यांच्या दुरुस्तीच्या गप्पांत, मग त्या शाहूपुरीत होवोत की उद्यमनगरात, ‘धुराच्या नळीत थोडा दाब राहिलाच पाहिजे, नाहीतर ओढ जाते’ असे विधान हमखास होते. टर्बोचार्जर असलेल्या गाडीला तरी ते लागू पडत नाही.

इंधनातील ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग धुराबरोबर जातो. त्यातील काही परत मिळवण्याच्या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतले. तप्त वायू टर्बाइन फिरवतात आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र इंजिनात जास्त हवा कोंबते. टर्बाइनला मिळणारे कार्य अलीकडच्या व पलीकडच्या दाबांच्या गुणोत्तरावर ठरते. समजा, अलीकडे २ बार आणि पलीकडे १.२ बार दाब आहे. पलीकडचा दाब १.१ बारवर आणला, तर तेवढ्याच तापमानाच्या वायूपासून सुमारे १५ टक्के जास्त कार्य मिळते. राधानगरीच्या विद्युतगृहाखाली पाणी तुंबले तर तेथील टर्बाइनचे जे होईल, तेच येथे होते.

म्हणून टर्बाइनला जोडलेली पहिली नळी, म्हणजे डम्प पाइप, रुंद हवी. व्यास ५० मिलिमीटरऐवजी ६३ केला की क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होते. (हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा; व्यासाचा वर्ग त्यांना सहसा कोरडा वाटतो.) मात्र रुंदी शंकूसारखी हळूहळू वाढावी. ती एकदम वाढली तर वायू भिंतीपासून सुटून भोवरे होतात.

खरा पेच वेस्टगेटचा आहे. दाब फार वाढू नये म्हणून ही झडप काही वायू टर्बाइनला वळसा घालून सोडते. तो मुख्य प्रवाहात आडवा घुसतो. यावर दोन रचना आहेत. एकीत दोन्ही तोंडांवर मिळून एकच घंटेसारखे तोंड असते. दुसरीत वेस्टगेटला वेगळी नळी देऊन ती तीसेक सेंटिमीटर पुढे मुख्य नळीला मिळवतात.

कागदावर दुसरी रचना सरस दिसते. पण झडप बंद असताना मुख्य नळी ६५० अंशांवर आणि बाजूची १५० अंशांवर आहे असे धरू. स्टेनलेस स्टीलचे एक मीटर दर अंशाला ०.०१७ मिलिमीटर वाढते. म्हणजे ३० सेंटिमीटरमध्ये दोन नळ्यांच्या वाढीत अडीच मिलिमीटरचा फरक पडतो आणि दोन्ही टोके तर जखडलेली! वेल्डिंगला तडा जातो तो येथे. मध्ये लवचीक सांधा घातला तरच ही रचना टिकते. शर्यतीच्या गाडीसाठी तो खटाटोप ठीक आहे. रोजच्या गाडीला नीट वळवलेले घंटेचे तोंड पुरे, असे माझे मत आहे.

पलीकडचा दाब कमी केला की वेस्टगेटवरचा भारही वाढतो. झडप लहान असेल तर हवेचा दाब मर्यादेबाहेर जाऊन इंजिन बिघडू शकते. शिवाय बऱ्याच गाड्यांत प्रदूषण रोखणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच नळीत बसवलेला असतो. नळी बदलताना तो काढून टाकला तर कार्बन मोनॉक्साइड तसाच रस्त्यावर येतो आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चाही भंग होतो.