बुकेतला हिरवा पाला: नफा वाचवणारा की नफा खाणारा?

बुके किंवा स्टेज डेकोरेशनचा व्यवसाय सुरू करताय? मग गुलाब-जरबेराचे भाव तुम्हाला तोंडपाठ असतील. पण पाला? तो आपण "दोन जुड्या टाक रे" म्हणून न बघता उचलतो. पैसे गळतात ते इथेच.

साधा हिशेब करू. समजा, जुडी 60 रुपयांची आणि त्यात 20 काड्या. म्हणजे काडी 3 रुपयांना पडली. त्यातल्या 5 खराब निघाल्या, की उरलेली प्रत्येक काडी 4 रुपयांची झाली! आणि रिसेप्शनमध्ये फोटोच्या वेळी पाल्याने मान टाकली, तर पुढची ऑर्डरही गेली.

घेताना काय बघायचं?

- जुडी थोडी सोडून आतली पानं बघा. पिवळी पानं, बुळबुळीत देठ, कुबट वास असेल तर नको.
- कोवळा पोपटी पाला दिसतो छान, पण आधी तोच सुकतो. पूर्ण वाढलेलं, घट्ट पान घ्या.
- अ‍ॅस्परॅगसची काडी हलकेच झटका. बारीक पानं गळली तर माल जुना आहे.
- स्टेजसाठी अरेका पाम, मॉन्स्टेरा. हातातल्या बुकेसाठी सॉन्ग ऑफ इंडिया, कामिनी.

आणल्यावर लगेच काय करायचं?

1. बादली साबणाने घासून घ्या. घाणेरड्या पाण्यातले जंतू देठाची तोंडं बंद करतात.
2. धारदार सिकेटरने देठ 2-3 सेंमी तिरका कापा.
3. पाण्यात बुडणारी खालची पानं काढून टाका, ती कुजतात.
4. काम सुरू करण्याआधी काही तास पाला सावलीत पाणी पिऊ द्या. पाणी रोज बदला.

पाला घरच्या फ्रिजमध्ये कोंबू नका. अरेका, मॉन्स्टेरा ही उष्ण प्रदेशातली झाडं. 4 अंशांच्या थंडीत त्यांची पानं काळवंडू शकतात. पिकलेली केळी-आंबेही लांब ठेवा. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पानं पिवळी पडून गळतात.

हिरवा फोम पाण्यावर नुसता सोडा, आपोआप बुडू द्या. हाताने दाबलात तर आत कोरडा राहतो आणि तिथे खोचलेली काडी सुकते.

आणि हो, कण्हेर, डिफेनबेकिया जेवणाच्या टेबलावर कधीच नको. दोन्ही विषारी आहेत.

आता तुमचा गृहपाठ

तीन प्रकारच्या पाल्याची एकेक जुडी आणा, वेगवेगळ्या बादल्यांत ठेवा आणि रोज फोटो काढा. कोणता किती दिवस टिकला, किती काड्या वाया गेल्या, ते वहीत लिहा. पुढच्या कोटेशनमध्ये पाल्याची वेगळी ओळ टाका, तीही वाया जाणारा माल धरून. तुमच्या वहीतला आकडा कमेंटमध्ये नक्की सांगा!