छपराखालचे टेनिस आणि ‘धंदेवाईक’ हा शब्द

खेळावर उदरनिर्वाह करणे शिष्टसंमत आहे काय, असा प्रश्न मुलुंड येथील आमच्या एकत्र कुटुंबात नुकताच उपस्थित झाला. आमच्या थोरल्या बंधूंचा नातू टेनिस चांगले खेळतो. बारावीची परीक्षा आटोपताच त्याने सर्वांसमक्ष सांगितले की, यापुढे खेळ हाच आपला व्यवसाय. दादांनी चष्मा काढून ठेवला आणि एवढेच विचारले, “म्हणजे तू धंदेवाईक होणार?” मुलगा काही न बोलता उठून गेला. घरात दोन दिवस अबोला होता. दादांच्या त्या एका शब्दामागे केवढा इतिहास दडलेला आहे, हे त्यांना सांगावे म्हणून आम्ही जी माहिती जुळवली, तीच वाचकांपुढे ठेवीत आहो.

हौशी आणि धंदेवाईक हा भेद मूळचा आपला नव्हे. तो इंग्रजांच्या क्रीडाविश्वातला. विंबल्डनची स्पर्धा १८७७ साली सुरू झाली आणि तेव्हापासून १९६७ पर्यंत तिच्यात केवळ हौशी खेळाडूंसच प्रवेश होता. ज्याने उघडपणे खेळाचे द्रव्य घेतले त्यास विंबल्डनचे दार बंद. अमेरिका, फ्रान्स व ऑस्ट्रेलिया येथील राष्ट्रीय स्पर्धांचे बंद. डेव्हिस चषकात स्वदेशाकडून खेळण्याचा अधिकारही गेला. सभ्य गृहस्थाने खेळावे ते विरंगुळ्यासाठी, अशी ही कल्पना. ज्याच्या घरी खाण्याची ददात नाही त्यास ती सोयीची. इतरांनी काय करावे, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

अशा बहिष्कृत खेळाडूंनी आपले बिऱ्हाड छपराखाली हलवले. मुष्टियुद्धाच्या सभागृहांत आणि बर्फावरील खेळांच्या दालनांत कापडी मैदान अंथरावे, रात्री दिव्यांच्या प्रकाशात सामना करावा, पहाटे ते गुंडाळून पुढचे गाव गाठावे, असा त्यांचा क्रम असे. आपल्याकडील फिरत्या नाटक मंडळ्यांची आठवण व्हावी, असेच ते जीवन होते. या भटक्या मंडळींना जी थोडी मानाची ठिकाणे लाभली, त्यांत लंडनजवळील वेंब्ली हे एक प्रमुख होय.

तेथे १९३४ च्या साम्राज्य क्रीडास्पर्धांसाठी ‘एम्पायर पूल’ नावाचे प्रचंड बंदिस्त जलतरणगृह बांधण्यात आले. त्याच वर्षी त्या छपराखाली धंदेवाईक पुरुषांची टेनिस स्पर्धा सुरू झाली. खेळ लाकडी पृष्ठभागावर होई. वारा नाही, ऊन नाही, पावसाचा व्यत्यय नाही. चेंडू मात्र विलक्षण वेगाने निसटे. पहिली तीन वर्षे अमेरिकेच्या एल्सवर्थ व्हाइन्सने जिंकली. हाच व्हाइन्स १९३२ साली विंबल्डनचा विजेता होता. १९३७ व १९३८ ही दोन वर्षे जर्मनीच्या हान्स न्यूसलाइनची. १९३९ साली डॉन बज आला व जिंकला. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने चारही मोठ्या स्पर्धा एका वर्षात जिंकण्याचा पराक्रम प्रथम करून दाखवला होता. पुढे महायुद्धामुळे स्पर्धा थांबली ती १९४९ साली पुन्हा सुरू झाली. मग जॅक क्रेमर, पांचो गोन्झालेस, फ्रँक सेजमन, केन रोजवॉल आणि रॉड लेव्हर अशी विजेत्यांची परंपरा चालली. गोन्झालेसने ती चार वेळा, रोजवॉलने पाच वेळा आणि लेव्हरने १९६४ पासून सलग चार वर्षे जिंकली.

यांपैकी न्यूसलाइनची हकीकत वाचून आम्ही क्षणभर थबकलो. या गृहस्थाने तरुणपणीच पैसे घेऊन टेनिस शिकवले, एवढ्या अपराधासाठी हौशी स्पर्धांची दारे त्यास कायमची बंद झाली. शिकवण्याचे वेतन घेणे हाच जर दोष, तर आमचे सारे आयुष्य त्या दोषातच गेले म्हणावयाचे.

रोजवॉलचे दुःख निराळे. १९५७ च्या आरंभी तो धंदेवाईक झाला, त्या वेळी त्याचे वय बावीस होते. त्यानंतर १९६७ पर्यंत अकरा वर्षे त्यास विंबल्डनच्या मुख्य स्पर्धेत खेळता आले नाही. खेळाडूचा ऐन बहराचा काळ तो हाच. तत्पूर्वी १९५४ व १९५६ साली आणि नंतर १९७० व १९७४ साली तो तेथील अंतिम सामन्यात पोहोचला व चारही वेळा हरला. शेवटच्या वेळी तो एकोणचाळीस वर्षांचा होता. मधली अकरा वर्षे त्यास मिळती, तर इतिहास काय लिहिला गेला असता, हे आता कोणी सांगावे?

उलट ज्यांस ‘हौशी’ म्हणून मान होता, त्यांपैकी अनेकांस प्रवासखर्चाच्या नावाने आतून पैसे मिळत, ही गोष्ट त्या काळी सर्वांस ठाऊक होती. म्हणजे उघडपणे घेईल तो पतित आणि झाकून घेईल तो सभ्य! परंतु म्हणून प्रत्येक हौशी खेळाडू ढोंगी होता असे नव्हे. आपल्या मद्रासचे रामनाथन कृष्णन १९६० व १९६१ साली विंबल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले. क्रेमरने त्यांना धंदेवाईक मंडळीत येण्यासाठी मोठ्या रकमेचा करार देऊ केला होता; तो त्यांनी नाकारला. १९६६ साली भारताचा संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यास पोहोचला, तेव्हा कृष्णन त्या संघात होते. करार पत्करला असता, तर हे घडले नसते. त्या त्यागास आमचा नमस्कार असो; पण एकाचा त्याग हा सर्वांसाठी नियम होऊ शकत नाही.

अखेर ऑगस्ट १९६७ मध्ये खुद्द विंबल्डननेच आपल्या हिरवळीवर आठ धंदेवाईक खेळाडूंची स्पर्धा भरवली. पुढच्याच वर्षी, १९६८ साली, भेद मिटला. विंबल्डन सर्वांस खुले झाले आणि पहिलाच विजेता ठरला तो वेंब्लीचा लेव्हर. छपराखाली ज्यांना ढकलले, तेच अंगणात येऊन पहिले ठरले. वेंब्लीच्या त्या जुन्या स्पर्धेचे प्रयोजनच मग संपले.

याचे फळ आपल्या प्रांतानेही पाहिले. १९७० नंतरच्या दशकात मुंबईस व्यावसायिक स्पर्धा भरल्या व त्यांपैकी काही विजय अमृतराज यांनी जिंकल्या. २००६ व २००७ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात अनुक्रमे तुर्सुनोव्ह व गास्के विजयी झाले. पुण्यात बालेवाडी येथे २०१८ पासून २०२३ पर्यंत, २०२१ चे वर्ष वगळता, महाराष्ट्र ओपन भरली. या सर्व उघड्या आकाशाखालच्या. आता तेथे झाकण्यासारखे काही उरले नव्हते. एकाच मराठी घराण्यात हा पालट दिसतो. सांगलीचे नंदू नाटेकर प्रथम टेनिस खेळत; पुढे बॅडमिंटनकडे वळून त्यांनी १९५६ साली मलायात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यांचे चिरंजीव गौरव यांनी व्यावसायिक टेनिस पत्करले व १९९४ च्या हिरोशिमा येथील आशियाई स्पर्धांत लिअँडर पेससह दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. पित्यापेक्षा पुत्राची प्रतिष्ठा यामुळे उणी झाली, असे कोण म्हणेल?

हे सारे आम्ही दादांना ऐकवले. ते म्हणाले, “कालिदासाने मालविकाग्निमित्रात, केवळ पोटासाठी विद्या बाळगणारास वाणी म्हटले आहे, ते विसरलास काय?” आम्ही म्हटले, “दादा, ते म्हणणारा गणदास स्वतः राजाचा पगारी नाट्याचार्य होता. त्याचा रोष वेतनावर नव्हता. पदरी पडलेल्या मानावर निजून, कसोटीची वेळ येताच जो माघार घेतो, त्याच्यावर होता.” दादा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

तथापि त्यांची चिंता निराधार नव्हे. वरच्या क्रमांकाचे थोडे खेळाडू सोडले, तर प्रवास आणि प्रशिक्षण यांचा खर्चच मिळकतीहून भारी होतो. म्हणून घरात असे ठरले : मुलाने पदवीचा अभ्यास सोडू नये, तीन वर्षे घराने खर्चाचा भार वाहावा, आणि त्याने जमाखर्चाची वही दर महिन्यास आजोबांना दाखवावी. पहिली नोंद दादांनी स्वहस्ते केली. त्या पानाच्या माथ्यावर त्यांनी लिहिले आहे : ‘व्यवसाय – टेनिस’.