हब आणि रिममधले मिलिमीटर

महामार्गावर ढाब्यासमोर उभा असलेला दहाचाकी ट्रक बाजूने नीट पाहा. पुढच्या चाकाची डिस्क बाहेरच्या अंगाला फुगलेली असते, तिचे नट थेट डोळ्यांत भरतात. मागच्या एक्सलवरच्या बाहेरच्या चाकाची डिस्क मात्र खोल आत गेलेली दिसते. पाहणाऱ्याला ही दोन वेगळ्या जातींची चाकं वाटतात, पण चाक एकच आहे. मागे लावताना ते फक्त उलटं केलेलं असतं. म्हणूनच एकच स्टेपनी पुढे, मागे आत किंवा मागे बाहेर, कुठेही बसते, आणि रात्री घाटात पंक्चर झालेला ड्रायव्हर अडकून पडत नाही.

ही सोय ज्या मापावर उभी आहे त्याला ऑफसेट म्हणतात. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक रेषा जाते अशी कल्पना करा. रिम हबला जिथे टेकते ती सपाट बैठक या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे, हे झालं ऑफसेट. बैठक रस्त्याकडच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट अधिक. अशा वेळी चाकाचा बराचसा भाग गाडीच्या पोटात जातो. बैठक आतल्या बाजूला असेल तर ऑफसेट उणे आणि चाक बाहेर येतं. बैठक नेमकी मध्यावर असली की ऑफसेट शून्य.

ट्रकच्या २० इंची रिमचं ऑफसेट साधारण १६५ मिलिमीटर असतं, कारमध्ये कधीच दिसणार नाही इतकं मोठं. मागच्या जोडचाकांत दोन डिस्क बैठकीला बैठक लावून कसल्या, की दोन टायरांच्या मध्यरेषांत याच्या दुप्पट, म्हणजे ३३० मिलिमीटर अंतर पडतं. १०.००-२० या मापाचा टायर सुमारे २८० मिलिमीटर रुंद असतो. उरली जेमतेम ५० मिलिमीटरची फट. लोड भरला की टायर रस्त्यालगत फुगतो आणि ही फट आणखी आटते. त्याच डिस्कवर जास्त रुंदीचा टायर चढवला, वर ओव्हरलोड केला किंवा हवा कमी ठेवली, तर दोन टायरांच्या कुशी एकमेकींना घासू लागतात. घासलं की तापतं, आणि तापलेला टायर भर रस्त्यात फुटतो. बाहेरून टायर धडधाकट दिसतो, कारण इजा आतल्या कुशीला झालेली असते. ट्रकच्या धंद्यात मुरलेली माणसं टायरचं माप बदलताना आधी या फटीचा विचार करतात.

हा विचार पिकअप आणि एसयूव्हीच्या दुनियेत मात्र क्वचित होतो. मोठे टायर लावण्याची हौस आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही, तालुक्याच्या गावीही अलॉयची दुकानं आहेत. तिथे चर्चा होते ती टायर किती इंची, डिझाइन कुठलं आणि पीसीडी जुळते का याची. पीसीडी जुळली म्हणजे चाक बसलं, असा समज पक्का आहे. पीसीडी जुळली याचा अर्थ नटांची भोकं जुळली, एवढाच. चाक गाडीच्या आत किती आणि बाहेर किती राहणार हे ती सांगत नाही.

अमेरिकी ऑफरोड बाजारातून आलेल्या रिमवर ऑफसेटऐवजी अनेकदा बॅकस्पेसिंग दिलेलं असतं, तेही इंचांत. ते मोजायला सोपं आहे. रिम तोंडावर पालथी घालायची, मागच्या दोन्ही कडांवर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि पट्टीपासून हबच्या बैठकीपर्यंत टेप लावायची. मात्र यात दोन खाचखळगे आहेत. रिमची छापील रुंदी टायर जिथे बसतो त्या दोन जागांमधली असते, कडा धरून नव्हे. कडा मोजल्या की दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे एक इंच वाढतो. म्हणून ८ इंची, शून्य ऑफसेटच्या रिमचं बॅकस्पेसिंग ४ इंच येत नाही, साडेचार येतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बॅकस्पेसिंग फक्त आतल्या बाजूची हकीकत सांगतं. ८ इंची आणि १० इंची अशा दोन्ही रिमचं बॅकस्पेसिंग साडेचार इंच असू शकतं. दोन्ही सस्पेन्शनपासून सारख्याच अंतरावर राहतील, पण १० इंची रिम मडगार्डच्या बाजूला चांगली २ इंच जास्त बाहेर येईल. रुंदी सोबत असल्याशिवाय बॅकस्पेसिंगचा आकडा अर्धाच असतो.

आता एक हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. आपल्याकडच्या फॉर्च्युनरला काही प्रकारांत येणारं टायरचं माप २६५/६५ आर१७ असं आहे. २६५ मिलिमीटर रुंदी, त्याच्या ६५ टक्के उंचीची कूस आणि १७ इंची रिम. गुणाकार केला की टायरचा व्यास ७७६ मिलिमीटर येतो. हौशी मंडळींना आवडणारं माप २८५/७० आर१७. त्याचा व्यास ८३१ मिलिमीटर. गाडी २७ मिलिमीटर उंच झाली, आणि स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा मूळच्या मानाने गाडी १०७ च्या वेगाने पळत असेल. हे बहुतेकांना माहीत असतं. आता आडवा हिशेब. मूळ रिम साडेसात इंच रुंद आणि ऑफसेट अधिक ३० धरू. त्या जागी ९ इंची, शून्य ऑफसेटची रिम आणली. हबच्या बैठकीपासून आत टायर पूर्वी १६२ मिलिमीटर जात होता, आता १४२ जाईल. सस्पेन्शनच्या बाजूला २० मिलिमीटर जागा मिळाली. बाहेर तो १०२ मिलिमीटर येत होता, आता १४२ येईल. म्हणजे मडगार्डच्या बाहेर ४० मिलिमीटरची भर.

आत जागा झाली म्हणजे घासण्याचा प्रश्न मिटला, असं दुकानात हमखास सांगितलं जातं. सरळ चाललेल्या गाडीपुरतं ते खरंही आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि बघा. पुढचं चाक स्वतःच्या मध्याभोवती वळत नाही. ते वळतं वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून जाणाऱ्या तिरक्या अक्षाभोवती, आणि हा अक्ष चाकाच्या आतल्या बाजूला असतो. चाक जितकं बाहेर सरकलं तितकं ते या अक्षापासून दूर गेलं. मग वळताना ते नुसतं फिरत नाही, कमानीत पुढे-मागे झुलतं. ३५ अंश वळवलं तर बाहेरच्या ४० मिलिमीटरमुळे टायरचा कोपरा आणखी सुमारे २३ मिलिमीटर पुढे किंवा मागे जातो. त्यात वाढलेल्या त्रिज्येचे २७ मिळवा. म्हणून टायर घासतो तो अनपेक्षित जागी, मडगार्डच्या आतल्या मागच्या कोपऱ्याला, पायरीजवळच्या पत्र्याला किंवा पुढच्या बंपरला. मग गॅरेजमध्ये पत्रा कापायला घेतात. वास्तविक ऑफसेट १० ते १५ मिलिमीटर जास्त ठेवलं असतं, तर अनेकदा कटर हातात घ्यावाच लागला नसता.

या तिरक्या अक्षात आणखी बरंच काही दडलेलं आहे. तो अक्ष खाली वाढवत नेला तर रस्त्याला एका बिंदूत टेकतो. टायर रस्त्याला जिथे टेकलेला असतो त्या पट्ट्याचा मध्य आणि हा बिंदू यांच्यातलं आडवं अंतर म्हणजे स्क्रब रेडिअस. टायरवर रस्त्याकडून येणारा प्रत्येक ओढा या अंतराच्या तरफेने स्टिअरिंग फिरवू पाहतो. डावं चाक खड्ड्यात आदळलं की हातातलं स्टिअरिंग झटका देतं, तो या तरफेचा झटका. ब्रेक दाबताना एक चाक डांबरावर आणि दुसरं साइडपट्टीच्या वाळूवर असलं की गाडी एका अंगाला खेचते, त्यातही हिचा हात असतो. १९७२ साली आलेल्या ऑडी ८० च्या इंजिनिअरांनी हे अंतर मुद्दाम उणे ठेवलं. अक्ष टायरच्या मध्याच्या बाहेर रस्त्याला टेकत असल्यामुळे, एका बाजूचा ब्रेक जास्त लागला तर चाकं आपोआप उलट दिशेने किंचित वळत आणि गाडी सरळ राहायला मदत होई. काही मिलिमीटरच्या जागेचा वापर माणसांचे जीव वाचवायला केला गेला, आणि मला यंत्रशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी ही एक वाटते.

मोठा टायर लावल्यावर या अंतराचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. टायर उंच झाला की रस्ता अक्षापासून आणखी खाली जातो. अक्ष वरून आत आणि खालून बाहेर असा कललेला असल्यामुळे तो आता जरा जास्त बाहेर टेकतो. अक्षाचा कल १२ अंश धरला तर आपल्या उदाहरणात हा फरक भरतो सुमारे ६ मिलिमीटर. म्हणजे मूळची चाल राखायची असेल, तर ऑफसेट थोडं कमी करणं योग्यच आहे. पण किती? ६ मिलिमीटर. आपण केलं ३०. उरलेले २४ मिलिमीटर स्टिअरिंगच्या प्रत्येक झटक्यात जाणवणार. माझा आग्रह इथेच आहे: टायर घासू नये एवढ्यासाठी जितकं लागेल तितकंच ऑफसेट कमी करा. गाडी रुंद आणि रुबाबदार दिसावी म्हणून त्यापुढे सरकवलेल्या मिलिमीटरांची किंमत ड्रायव्हरचे हात आणि गाडीची बेअरिंगं मोजतात.

बेअरिंगचं दुखणं समजायला भरलेली कळशी आठवा. कमरेवर घेतली तर मैलभर नेता येते, तीच हात लांब करून धरली तर दहा पावलांत खांदा भरून येतो. एका चाकावर ६०० किलो भार असेल आणि चाक ३० मिलिमीटर बाहेर गेलं, तर हबवर सतत १८ किलोग्रॅम-मीटरचा जादा पीळ बसतो. हे उभ्या गाडीचं झालं. खड्ड्यात आदळताना भार क्षणभर कितीतरी पटींनी वाढतो. बेअरिंगच्या ज्या दोन ओळींनी तो वाटून घ्यायचा, त्यांतली बाहेरची ओळ एकटीच जास्त सोसू लागते. आधी हलकी घरघर येते, मग चाक जॅकवर उचलून हलवलं की खेळ जाणवतो.

नवी रिम न घेता स्पेसर टाकला तरी हे सगळं तसंच्या तसं लागू होतं. ३० मिलिमीटरचा स्पेसर म्हणजे अधिक ३० चं ऑफसेट शून्यावर आणणं. त्यातही नुसता मध्ये सरकवायचा स्पेसर जास्त धोक्याचा, कारण त्याच्या जाडीइतकी बोल्टची आटी नटाबाहेर राहते. बोल्टच्या व्यासाइतकी तरी आटी नटात बसलीच पाहिजे असा ढोबळ नियम आहे. १२ मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर आटीचा बोल्ट असेल तर नट किमान ८ पूर्ण फेरे चढायला हवा. पाना हातात असताना फेरे मोजायला फारसा वेळ लागत नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात असू द्या. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. मडगार्डच्या बाहेर डोकावणारा टायर पावसात मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर चिखल आणि खडी उडवतो, हे तर कायद्याशिवायही कळण्यासारखं आहे.

कंपनीने मान्य केलेल्या मापातच टायर बदलत असाल, तरी पैसे देण्याआधी एक चाक घालून तपासा. पुढचं एक चाक भक्कम ठोकळ्यावर चढवा, म्हणजे त्या बाजूचं सस्पेन्शन दबेल. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि टॉर्च घेऊन आत बघा. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट, मडगार्डचा मागचा कोपरा, ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर या चार जागा. पत्रा घासला तर आवाज येतो आणि कळतं. ब्रेकची नळी घासते ती बिनआवाज, म्हणून तिच्याभोवती बोटभर जागा मोकळी दिसेपर्यंत ते चाक घेऊ नका.