छातीच्या एक्स-रेवरचा डाग: टीबी की दगडाची धूळ?

"छातीच्या फोटोत डाग आलाय." आपल्या वस्त्यांत हे वाक्य ऐकू आलं की पुढचा शब्द ठरलेला असतो, टीबी. घरात त्या माणसाचं ताट-तांब्या वेगळा होतो, मुलीचं जमत आलेलं लग्न थांबतं. त्या काळ्या फिल्मवरचा पांढरा डाग नेमका कशाचा, हे मात्र क्वचितच कोणी समजावून सांगतं. सरकारी दवाखान्यात एका रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या दोन-तीन मिनिटांत ते शक्यही नसतं. हा लेख वाचून कोणी डॉक्टर होणार नाही. पण डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणती माहिती आपण होऊन द्यायची, हे कळेल. काही कुटुंबांचा भरपाईचा हक्क तेवढ्यावर अवलंबून असतो.

जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म रोंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले. स्वरूप अज्ञात म्हणून त्यांनी नाव दिलं 'एक्स'. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांनाच मिळालं. तत्त्व सोपं आहे. हवेतून किरण आरपार जातात, तिथे फिल्म काळी होते. हाड त्यांना अडवतं, तिथे पांढरी राहते. मांस, रक्त, पाणी यांची छटा मधली, राखाडी. निरोगी फुप्फुसात हवा भरलेली असते म्हणून ते काळं दिसतं. जिथे हवेची जागा पू, पाणी, गाठ किंवा व्रण घेतो, तिथे पांढरं दिसतं. म्हणजे डाग एवढंच सांगतो की इथे हवेऐवजी दुसरं काहीतरी आहे. ते काय आहे, हे तो एकटा सांगू शकत नाही.

फिल्म हातात आली की आधी नाव आणि तारीख बघावी. गर्दीच्या शिबिरात पाकिटांची अदलाबदल होऊ शकते. रुग्ण आपल्यासमोर उभा आहे अशी फिल्म धरतात, त्यामुळे आपल्या डाव्या हाताला त्याची उजवी बाजू येते. मग श्वास पुरेसा घेतला होता का ते पाहतात. छातीखालच्या पडद्याच्या वर मागच्या बाजूच्या नऊ-दहा बरगड्या मोजता आल्या तर श्वास पूर्ण घेतलेला आहे. अर्धवट श्वासात फुप्फुसाचा खालचा भाग उगाच पांढुरका दिसतो आणि हृदय फुगल्यासारखं वाटतं. खाटेवर झोपवून काढलेल्या फोटोतही हृदय मोठं दिसतं. उभ्याने, छाती पाटीला टेकवून काढलेल्या फोटोत मोठ्या माणसाच्या हृदयाची रुंदी साधारणपणे छातीच्या निम्म्याहून कमी असते. उजवीकडचा पडदा थोडा वर असतो, कारण खाली यकृत आहे. डावीकडे पडद्याखाली काळा फुगा दिसला तर घाबरू नये, ती पोटातली हवा असते.

दोन्ही बाजूंचे खालचे कोपरे टोकदार हवेत. कोपरा बोथट झाला तर फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साचल्याची शंका येते. "छातीत पाणी झालं" म्हणतात ते हेच. (शरीराच्या बत्तीस भागांची पाली यादी ज्यांना पाठ आहे, त्यांनी 'पप्फास' आणि 'किलोमक' हे शब्द अनेकदा उच्चारले असतील. पहिला म्हणजे फुप्फुस. दुसऱ्याचा अर्थ बहुधा हे आवरण असाच लावला जातो.) न्यूमोनियात एखाद्या भागात पांढरा पट्टा दिसतो. फुप्फुस फुटून बाहेर हवा जमली तर उलट होतं. तिथे निव्वळ काळं दिसतं, रक्तवाहिन्यांच्या रेषाही दिसत नाहीत. धाप लागलेल्या माणसाच्या बाबतीत हे तातडीचं असतं.

काही डाग तर शरीरात नसतातच. जाड वेणी खांद्यावर आली तर फुप्फुसाच्या वरच्या टोकाला सावली पडते, नेमकी टीबी शोधतात त्याच जागी. गळ्यातला ताईत, ब्लाउजची पिन, स्तनाग्राची गोल सावली यांनीही फसगत होते. म्हणून तंत्रज्ञ दागिने काढायला आणि केस वर बांधायला सांगतात, ते ऐकावं. क्वचित एखाद्याचं हृदय जन्मतःच उजवीकडे असतं आणि तो आयुष्यभर ठणठणीत राहतो. अर्थात फिल्म उलटी धरली तरी हृदय उजवीकडेच दिसेल, म्हणून फिल्मवरची डावी-उजवीची खूण आधी पाहतात. गरोदर बाईने आधीच तसं सांगावं. बाकी एका छातीच्या फोटोतलं किरणोत्सर्जन निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळतं तेवढंच असतं.

आता टीबी. मोठ्या माणसात तो बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतो, कधी मध्ये पोकळी पडलेली असते. कधी दोन्ही फुप्फुसांत बाजरीच्या दाण्याएवढे बारीक ठिपके पसरतात. एचआयव्ही किंवा मधुमेह असलेल्यांत तो खालच्या भागातही दिसू शकतो. शिवाय बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण फोटोत जन्मभर राहतो. रिपोर्टात 'टीबी' न लिहिता 'कॉक्स' लिहिण्याची पद्धत आहे. १८८२ मध्ये टीबीचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्यावरून हा शब्द आला. 'ओल्ड कॉक्स' म्हणजे जुना, बरा झालेला व्रण असू शकतो, आणि तेवढ्यावर कोणाला नोकरीतून काढणं चूक आहे. फोटो शंका दाखवतो. जंतू दाखवते ती बेडक्याची तपासणी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली किंवा सीबीनॅट, ट्रूनॅट यंत्रावर. सरकारी केंद्रांत ती मोफत होते.

बेडक्यात जंतू सापडत नाही, टीबीचं औषध सहा महिने घेऊनही दम कमी होत नाही आणि फोटोतले ठिपके तसेच राहतात, असे रुग्ण असतात. त्यांतल्या काहींना टीबी नसतोच, किंवा नुसता टीबी नसतो. त्यांच्या फुप्फुसात दगडाची धूळ असते. या आजाराचं नाव सिलिकोसिस.

वाळू, क्वार्ट्झ, ग्रॅनाइट यांत सिलिका असते. दगड कापताना, फोडताना, घासताना तिचे डोळ्यांना न दिसणारे कण श्वासावाटे आत जातात. ते पेशींना पचत नाहीत, उलट पेशीच मरतात आणि तिथे व्रणाची गाठ तयार होते. बहुधा दहा-पंधरा वर्षांनी त्रास दिसतो, धूळ फार असेल तर दोन-चार वर्षांतही. फोटोत दोन्ही बाजूंना, मुख्यतः वरच्या भागात, बारीक गोल गाठी दिसतात. पुढे त्या एकमेकींना चिकटून मोठे गोळे होतात. फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या गाठींच्या कडेला कधी अंड्याच्या कवचासारखी चुन्याची पातळ रेघ उमटते, ही सिलिकोसिसची ओळखीची खूण. पण वरच्या भागातले डाग, खोकला, वजन घटणं, दम हे सगळं टीबीतही असतं. आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त, दोन्ही एकाच फुप्फुसात असू शकतात. त्यामुळे हा लेख वाचून कोणीही टीबीच्या गोळ्या बंद करू नयेत.

महाराष्ट्रातला काळा दगड बेसाल्टचा, त्यात मोकळी सिलिका कमी असते. धोका जास्त आहे तो कोल्हापूरकडच्या फौंड्रीत वाळूचे साचे करणाऱ्यांना, सिंधुदुर्गात कासार्डे भागात सिलिका वाळू काढणाऱ्यांना, आणि शहरोशहरी नव्या फ्लॅटच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट किंवा कृत्रिम क्वार्ट्झ कापणाऱ्यांना. या कृत्रिम दगडात सिलिका नव्वद टक्क्यांवरही असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे तो तोंडाला रुमाल बांधून कापला जातो. रुमालाने ही धूळ थांबत नाही. पाणी मारत कापणं आणि धूळ ओढून घेणारं यंत्र हे खरे उपाय.

सिलिकोसिस बरा होत नाही. मग नाव बदलून फरक काय पडतो? फरक हा की टीबी हा नशिबाने झालेला आजार मानला जातो आणि सिलिकोसिस हा कामाने दिलेला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात तो व्यवसायजन्य आजारांच्या यादीत होता, नव्या श्रमसंहितांच्या याद्यांतही आहे. सिलिकोसिसबरोबर झालेला टीबीसुद्धा भरपाईच्या यादीत येतो. मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ भागातले आदिवासी गुजरातच्या क्वार्ट्झ कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिसने मेले. अशा २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये सांगितलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरात सरकारला तसा आदेश दिला. राजस्थानात २०१९ पासून स्वतंत्र धोरण आहे. प्रमाणपत्र मिळालेल्या रुग्णाला ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख. मजूर सदस्य असताना बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये झरियाच्या कोळसा खाणीत उतरून कामगारांची स्थिती पाहून आले होते. आजही या कामांत खालच्या पायरीवर कोण असतं, ते वेगळं सांगायला नको.

कागदावर 'कॉक्स' एवढंच लिहिलं गेलं की हे सगळे दरवाजे बंद. म्हणून केसपेपर काढतानाच काम सांगावं आणि लिहून घ्यावं: "फौंड्रीत ११ वर्षं", "ग्रॅनाइट कटिंग, ६ वर्षं". सुटलेलं कामही सांगावं, कारण धूळ आत गेल्यावर आजार अनेक वर्षांनी उमटू शकतो. "हे धुळीमुळे असू शकतं का?" असं थेट विचारावं. वैद्यकीय महाविद्यालयात छातीरोग विभागाकडे पाठवण्याचा आग्रह धरावा. अशा फोटोंची तुलना करायला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या प्रमाणित फिल्म्स असतात. जुन्या फिल्म भंगारात देऊ नयेत, घडी घालू नये. पाच वर्षांपूर्वीची आणि आजची फिल्म शेजारी ठेवली की आजार कसा सरकला ते दिसतं, आणि दाव्यातही तो पुरावा ठरतो. त्याच पाकिटात हजेरीचा कागद, पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड, कामावरचा एखादा फोटो ठेवावा. ठेकेदाराकडच्या माणसाकडे बहुतेकदा यातलं काहीच नसतं. मग सोबत काम केलेल्यांचे जबाब तरी वेळीच लिहून घ्यावेत, कारण तेही आजारीच असतात.

१४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपली मंडळं आरोग्य शिबिरं भरवतात, काही ठिकाणी एक्स-रेची गाडीही येते. त्या शिबिरांच्या फॉर्मवर नाव, वय, वजन, रक्तदाब असे रकाने असतात. 'आजवर कोणकोणती कामं केली, किती वर्षं' हा रकाना अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. येत्या शिबिराचे फॉर्म छापायला जाण्यापूर्वी तो घालता येईल.