पहिली ‘पळणारी’ गाडी सेकंड हॅन्ड घेताय? आधी दुकानाचा गल्ला बघा



गणपती विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते. आमच्या बॅचमधल्या एका मुलाचा फोन आला. वय 
२३, कराडला मोबाईल रिपेअरिंग आणि ॲक्सेसरीजचं दुकान. मुलगा कष्टाळू, हिशोब रोज लिहितो. म्हणाला, “सर, पोलो जीटी बघितलीय पुण्यात. पावणेपाच लाख सांगतायत. दसऱ्याला दारात आणायची. उद्या दहा हजार टोकन देऊ का?”

मी विचारलं, “दिवाळीचा माल भरलास का?”

पलीकडे शांतता.

हा लेख त्या शांततेबद्दल आहे. तरुण वयात गाडीची आवड असणं यात काही चूक नाही. मलाही होती, अजून आहे. “गाडी म्हणजे खर्च, घेऊच नको” असं सांगणारा मी नाही. पण एक गोष्ट पक्की लिहून ठेवा: सेकंड हॅन्ड गाडी घेताना तुम्ही गाडीची किंमत देत नाही, तिचा पुढच्या तीन वर्षांचा खर्च विकत घेता. किंमत एकदाच द्यायची असते. खर्च दर महिन्याला गल्ल्यात हात घालतो.

आधी कागद, मग गाडी

मी त्याला म्हणालो, वही काढ. दुकानातून सगळा खर्च जाऊन घरी किती नेतोस? ३८,००० रुपये. बाजूला शिल्लक किती? १,७५,००० रुपये. आता पोलोचा महिना मांडू.

- कर्ज ३ लाख, व्याज १४ टक्के धरलं, ४ वर्षं: हप्ता साधारण ८,२०० रुपये
- पेट्रोल: महिन्याला १,००० किलोमीटर, गावात आणि जोरात चालवून ११ चा ॲव्हरेज, लिटरला १०५ रुपये धरून: ९,५०० रुपये
- विमा, महिन्यावर वाटून: १,७०० रुपये
- सर्व्हिस, टायर, बॅटरी, अचानक निघणारी कामं: ४,००० रुपये

बेरीज २३,४०० रुपये. म्हणजे घरी येणाऱ्या ३८,००० पैकी साठ टक्क्यांहून जास्त पैसे एका गाडीत! आणि शिल्लक शून्य. दिवाळीचा माल मग उधारीवर उचलायचा. होलसेलवाला उधारीवर देतो, पण रोखीचा भाव देत नाही. म्हणजे गाडीमुळे दुकानाचा नफाही घटला. हा खर्च गाडीच्या कुठल्याच बिलावर दिसत नाही.

माझा साधा नियम आहे. हप्ता, पेट्रोल, विमा, देखभाल हे सगळं मिळून घरी नेता त्या पैशाच्या एक तृतीयांशाच्या आसपास राहिलं पाहिजे. आणि खेळतं भांडवल हे गाडीचं डाऊन पेमेंट नाही. ते दुकानाचं रक्त आहे.

‘स्पोर्टी’ म्हणजे नक्की काय?

इथे बरेच जण फसतात. स्टिकर, स्पॉयलर, मोठा सायलेन्सर म्हणजे स्पोर्टी नाही. हलकं वजन, नेमकं स्टिअरिंग, चांगले ब्रेक आणि हाताला गोड लागणारा गिअर, याला स्पोर्टी म्हणायचं. पीएसचा आकडा त्यानंतर.

आपल्या बजेटमध्ये फिरणारी नावं बघू.

पोलो जीटी टीएसआय. चाकणला बनायची, २०१३ ला आली. १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस, ७ स्पीड डीएसजी गिअरबॉक्स. चालवायला मजा आहे, वादच नाही. पण जुन्या डीएसजीचं क्लच किंवा मेकॅट्रॉनिक युनिटचं काम निघालं तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. २०२० ला १.० लिटर टीएसआय ११० पीएसमध्ये आली, मॅन्युअलसुद्धा मिळते. ती जास्त सोपी, पण भावही जास्त.

बलेनो आरएस. २०१७ ला आली. १.० लिटर बूस्टरजेट, १०२ पीएस, मागेही डिस्क ब्रेक. कमी विकली गेली, त्यामुळे शोधावी लागते. पण मारुतीची सर्व्हिस सगळीकडे.

फिगो १.५ डिझेल. १०० पीएस, २१५ न्यूटन-मीटर. ओढ जबरदस्त, ॲव्हरेजही चांगला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस मिळते, पण घेण्याआधी तुमच्या गावापासून सर्व्हिस सेंटर किती लांब आणि पार्ट किती दिवसांत येतो, हे फोन करून विचारा.

पुंटो अबार्थ. आपल्या रांजणगावची गाडी, १४५ पीएस. कागदावर सगळ्यांची बाप. पण फियाटच्या गाड्या इथे बंद होऊन बरीच वर्षं झाली. ही शौकिनाची दुसरी गाडी. ज्याला रोज सकाळी दुकान उघडायचंय त्याची पहिली गाडी नाही.

स्विफ्ट १.२ पेट्रोल. “सर, ती तर सगळ्यांकडे आहे!” हो, म्हणूनच. २०११ नंतरची स्विफ्ट हजार किलोच्या आत आणि ८४ पीएसच्या आसपास. पोलो जीटी अकराशे किलोच्या आसपास. वजनाच्या हिशोबाने बघितलं तर फरक वाटतो तेवढा मोठा नाही. घाटात वळणावर हलकी गाडी मन खूश करते, आणि पार्ट तालुक्याच्या दुकानातसुद्धा मिळतो.

एअरबॅग नाही, तर सौदा नाही

हे मी मोठ्या भावासारखं सांगतो. पळणारी गाडी आणि विशी-पंचविशीतला ड्रायव्हर, हे मिश्रण जपून हाताळायचं असतं.

आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त व्हेरिअंटमध्ये दोन्ही नसण्याची शक्यता आहे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली पोलो तपासली, मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य स्टार. तीच पोलो दोन एअरबॅगसह, चार स्टार. त्याच वर्षी एअरबॅग नसलेल्या स्विफ्टलाही शून्य मिळाले. आणि २०१८ चं स्विफ्टचं नवं मॉडेल दोन एअरबॅगसह दोन स्टारवर थांबलं. म्हणजे स्विफ्ट घेतली तर तिच्या मर्यादा ओळखून चालवा. पंधरा-वीस हजार वाचवायला खालचं व्हेरिअंट घेऊ नका. वरचंच घ्या, वर्ष जुनं चालेल.

गाडी बघायला जाल तेव्हा

त्या मुलाला मी सांगितलं, टोकन देऊ नको. आधी गाडी बघ, सोबत आपला मेकॅनिक ने. पाचशे-हजार रुपये आणि जेवण दे त्याला, ही सगळ्यात स्वस्त गुंतवणूक आहे.

१. सकाळी थंड इंजिन चालू करून बघा. आधी बोनेटला हात लावा. गरम असेल तर कोणीतरी तुमच्या आधी चालू करून ठेवलीय. का, ते विचारा.

२. किलोमीटरवर विश्वास ठेवू नका, खुणांवर ठेवा. मीटर ५०,००० आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत? हिशोब जुळत नाही.

३. टायरवरची तारीख वाचा. बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. चारही टायर जुने असतील तर तो खर्च किमतीतून कापा.

४. पुराची गाडी ओळखा. २०१९ आणि २०२१ ला सांगली-कोल्हापूरकडे काय झालं ते आपण पाहिलंय. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकाला गाळाचा डाग दिसतो का बघा. डिकीतलं स्टेपनी ठेवायचं घमेलं, सीटखालचे बोल्ट, कार्पेटच्या खालचा वास, सगळं तपासा.

५. मॉडिफाय केलेली गाडी टाळा. रिमॅप, मोठा सायलेन्सर, खाली बसवलेलं सस्पेन्शन म्हणजे आधीच्या मालकाने ती पिळून घेतलीय. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. क्लेमच्या वेळी विमा कंपनी हेच बोट दाखवेल.

६. सर्व्हिस रेकॉर्ड काढा. मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा.

या सहाव्या मुद्द्यानेच आमच्या मुलाला वाचवलं. पोलोच्या मीटरवर ५२,००० किलोमीटर होते. रेकॉर्डमध्ये दोन वर्षांपूर्वीचीच नोंद ७८,००० ची निघाली! विकणारा म्हणाला, “एंट्री चुकली असेल.” मुलगा नमस्कार करून बाहेर पडला. मला फोनवर म्हणाला, “सर, दहा हजार वाचले.” मी म्हणालो, “दहा हजार नाही रे, दुकान वाचलं.”

कागदपत्रांत घाई नको

- परिवहनच्या वेबसाईटवर गाडीचा नंबर टाकून मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, ते बघा. दंडाच्या ई-चलनांची थकबाकी वेगळी तपासा.
- बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.
- ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. “नंतर करू” म्हणून कोऱ्या सह्या घेऊन ठेवू नका.
- विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तो तुम्हाला मिळत नाही. “५० टक्के बोनस आहे गाडीला” हे ऐकून भाव वाढवून देऊ नका.
- थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनच्या सीसीवर ठरतो. जून २०२२ च्या दरात १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. म्हणजे ९९८ सीसीची बलेनो आरएस टर्बो असूनही सगळ्यात खालच्या टप्प्यात बसते.
- दिल्लीची गाडी स्वस्त दिसते. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आहेत, म्हणून ती इकडे येते. इथे आणल्यावर एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर, हे सगळं जोडून मग तुलना करा.

आणि हो, “सर, फर्मच्या नावावर घेतो, जीएसटी परत मिळेल” असं कोणी सांगितलं असेल तर आपल्या सीएला विचारा. मोबाईलच्या दुकानदाराला साध्या प्रवासी कारवर इनपुट क्रेडिट मिळत नाही. गाडी धंद्यासाठी वापरत असाल तर १५ टक्के घसारा मिळतो, तोही धंद्याच्या वापरापुरताच. टॅक्स वाचवायला गाडी घेऊ नका. गाडी हवी म्हणून घ्या, पण परवडते म्हणून घ्या.

मग काय ठरलं?

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, पितृपक्षात बघत राहा. गिऱ्हाईक कमी असतं, खरा भाव कळतो. दोन, घ्यायची जानेवारीत. वर्ष बदललं की गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते आणि घासाघीस करायला जागा मिळते.

दसरा गेला. मित्रांनी चिडवलं, “काय रे, कुठाय पोलो?” त्याने दिवाळीचा माल रोखीत भरला. चार्जर, कव्हर, इअरबड्स, सगळं चांगलं गेलं. सगळं जाऊन ९५,००० रुपये बाजूला पडले. शिल्लक झाली २,७०,०००.

जानेवारीत त्याने २०१५ ची स्विफ्ट झेडएक्सआय घेतली. पेट्रोल, दोन एअरबॅग, एबीएस, एकच मालक, सर्व्हिसची सगळी बिलं फाईलला. सौदा ३,३०,००० ला. २,३०,००० रोख, १ लाख कर्ज, ४०,००० गाडीच्या नावाने बाजूला. आता महिना बघा: हप्ता २,७३०, पेट्रोल १५ च्या ॲव्हरेजने ७,०००, विमा १,२००, देखभाल २,०००. एकूण साधारण १२,९३०. तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. बसलं!

मागच्या महिन्यात तो मला पुण्याहून साताऱ्याला घेऊन गेला. खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरवर गाडी छान चढत होती. मी विचारलं, “पोलोची आठवण येते का?” हसला. म्हणाला, “येते ना सर. पण दुकानाचं शटर उघडताना येत नाही.”

मित्रांनो, आज रात्री वहीच्या एका पानावर चारच ओळी लिहा: हप्ता, पेट्रोल, विमा, देखभाल. बेरीज करा आणि ती तुम्ही घरी नेता त्या आकड्याशेजारी ठेवा. आकडा बसला तर बिनधास्त घ्या, मजा करा, सीट बेल्ट लावा. नाही बसला तर अजून एक सीझन थांबा. गाड्या कुठे जात नाहीत. गेलेलं भांडवल मात्र लवकर परत येत नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, आणि गाडी हळू चालवा!